पाय बनवायचं कॉलेज

जानेफळच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या स्नेहलता मॅडमनी बारावीच्या वर्गाला ऑगस्टमध्येच सांगून ठेवलं होतं, "पुढं काय करायचं ते नुसतं ठरवू नका. दिवाळीच्या आत ते काम एकदा डोळ्यांनी बघून या. ज्याला पोलीस व्हायचंय त्यानं ठाण्यात जाऊन बसा. ज्याला शिक्षक व्हायचंय त्यानं पहिलीच्या वर्गात एक दिवस काढा. मग मला येऊन सांगा."

मागच्या बाकावरून कोणी तरी विचारलं, "मॅडम, ज्याले काहीच व्हायचं नाही त्यानं कुठी जाऊन बसावं?"

"त्यानं माझ्यासमोर येऊन बसावं," मॅडम म्हणाल्या आणि वर्ग हसला.

शाइस्ताला या कामाची काळजी नव्हती. तिचं सगळं ठरलेलं होतं. तिच्या फुप्पीची, म्हणजे आत्याची, मुलगी सबीहा बुलढाण्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. शाइस्तानं बारावी सायन्स करायचं, नर्सिंगला नंबर लावायचा, फुप्पीच्या घरी राहायचं आणि सबीहाआपासारखा पांढरा ड्रेस घालून ड्युटीला जायचं, असं तिच्या अब्बांनी, रहेमतुल्ला मिस्त्रींनी, ती दहावी पास झाली त्या दिवशीच सांगून टाकलं होतं. शाइस्ताची त्याला ना नव्हती. खरं तर तिनं दुसरं काही मनात आणलंच नव्हतं. बुलढाण्याला जावं, सबीहाआपाची ड्युटी बघावी आणि मॅडमना सांगावं, एवढाच तिचा विचार होता.

रहेमतुल्ला गावातले सुतार. त्यांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. पूर्वी ते पेरणीच्या तिफणी आणि कोळपणीचे डवरे बनवायचे, आता दारं, खिडक्या, दिवाण. दिवसभर रंध्याचा आवाज चालायचा आणि घरात सगळीकडे लाकडाची बारीक धूळ बसायची. शाइस्ताची अम्मी नजमुन्निसा ती धूळ दिवसातून कितीदा तरी पुसायची आणि दर वेळी वैतागायची. रहेमतुल्लांना खोकला होता. हिवाळ्यात तो वाढायचा. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पटाशीनं गेलेली होती. मुलीला त्यांनी दुकानात कधी झाडूसुद्धा मारू दिला नव्हता.

ऑक्टोबरमध्ये शाइस्ताचं बुलढाण्याला जायचं ठरलं, तेव्हा शेजारच्या वच्छलाबाई काठी टेकत अंगणात आल्या.

"नजमा, पोरगी बुलढाण्याले चालली म्हणते तू. मले घेऊन जाईन का वं ती? तिथी पायाचं शिबिर हाये. आमच्या संजीवनीले सोयाबीनच्या कामातून सवड नाही."

वच्छलाबाई गावच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. शाइस्तानंही लहानपणी त्यांच्या हातची खिचडी खाल्ली होती. दोन वर्षांपूर्वी सोयाबीन काढताना त्यांचा पदर थ्रेशरमध्ये गेला, पदरासोबत त्या ओढल्या गेल्या आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नंतर एका शिबिरात त्यांना नवा पाय मिळाला होता. तो त्यांनी जेमतेम महिनाभर वापरला आणि दाराच्या मागे खुंटीला टांगून ठेवला. सून संजीवनी म्हणायची, आत्याबाई आळस करतात. वच्छलाबाई त्यावर काही बोलायच्या नाहीत. काखेत कुबडी घेऊन त्या घरातल्या घरात फिरायच्या. शाळेतलं काम अर्थातच सुटलं होतं.

"नेईन ना काकू," शाइस्ता म्हणाली. "सकाळी शिबिर करू, दुपारी सबीहाआपाकडे जाऊ."

सकाळच्या एसटीनं त्या निघाल्या. पाय एका पिशवीत घालून शाइस्तानं मांडीवर धरला होता. मेहकरला गाडी बदलताना कंडक्टरनं विचारलं, "पिशवीत काय हाये?" वच्छलाबाई म्हणाल्या, "माहा पाय हाये बाबा. त्याचं पण तिकीट काढू का?" कंडक्टर ओशाळला आणि त्यानं त्यांना पुढची जागा करून दिली.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. जुने पाय तपासून दुरुस्त करायचे आणि नव्या लोकांची मापं घ्यायची, अशी दोन्ही कामं चालली होती. एका बाजूला प्लास्टरच्या बादल्या, दुसऱ्या बाजूला घासायची मशीन. हर्षल नावाचा तिशीतला एक तंत्रज्ञ सगळीकडे धावत होता. त्याच्या कोपरापर्यंत प्लास्टर वाळून पांढरं झालं होतं.

वच्छलाबाईंचा नंबर आला. त्यांनी पाय चढवला. हर्षलनं त्यांना दोन लाकडी दांड्यांच्या मधून चालायला लावलं.

"कुठं दुखतं का मावशी?"

"नाई. बरा हाये."

"टोचतं कुठं? आतून घासतं?"

"नाई जी. झ्याक हाये."

"मग वापरत का नाही?"

वच्छलाबाईंनी खाली बघितलं. "सवय नाही राह्यली."

हर्षलनं मान डोलावली. रांग मोठी होती. त्यानं पट्टा थोडा बदलून दिला आणि पुढच्या माणसाकडे वळला. शाइस्ता बाजूला उभी होती. वच्छलाबाई चालताना उजवं पाऊल टेकायच्या आधी ओठ दाबत होत्या, कंबर एका बाजूला काढत होत्या, हे तिनं पाहिलं होतं. घरी कुबडीवर चालताना त्या असं करत नसत.

"काकू, खोटं काऊन बोलल्या?" तिनं हळूच विचारलं.

"कायचं खोटं?"

"दुखून राह्यलं तुम्हाले."

वच्छलाबाईंनी आजूबाजूला बघितलं. मग शाइस्ताच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आता त्या पोराले काय दाखवू वं मी? लुगडं वर करून? मांगच्या वेळीही असंच झालं. सगळे माणसंच होते. मी म्हटलं बरा हाये, अन् घेऊन आली घरी."

शाइस्तानं त्यांना खुर्चीवर बसवलं. मग ती हर्षलकडे गेली. "सर, त्यांले दुखते. पण त्या तुम्हाले सांगत नाहीत."

हर्षलनं हातातलं काम थांबवलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं, पण तो थकल्यासारखा हसला. "तू त्यांची नात का?"

"शेजारी आहे."

"बरं. पडद्यामागं घेऊन जा त्यांना. पाय काढ आणि उरलेला पाय नीट बघ. कुठं लाल झालंय, कुठं कातडी जाड झालीय, बोट लावून बघ आणि मला येऊन सांग. जमेल?"

शाइस्ताला जमेल की नाही हे माहीत नव्हतं. पडद्यामागं वच्छलाबाईंनी लुगडं वर घेतलं, पाय आणि आतला मोजा काढला. शाइस्तानं असा पाय जवळून कधी बघितला नव्हता. तिला वाटलं होतं भीती वाटेल. पण तिथं नेहमीसारखी कातडी होती, त्यावर टाक्यांची रेघ होती, आणि गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला हाडाचं टोक होतं तिथं एक गडद लाल डाग पडला होता. तिनं बोट टेकवलं तशा वच्छलाबाई "माय वं!" म्हणून ओरडल्या.

तिनं बाहेर येऊन आपल्याच पायावर बोट ठेवून जागा दाखवली. हर्षलनं खिशातून एक लिपस्टिक काढली.

"त्या डागावर ही लाव. मग पाय चढवून त्यांना उभं कर, वजन टाकायला सांग आणि पाय काढून माझ्याकडे आण."

"लिपस्टिक?"

"बघ तर."

वच्छलाबाई लिपस्टिक बघून तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "लग्नात नाही लावली वं मी, अन् आता गुडघ्याले!"

पाय काढून शाइस्तानं आत डोकावलं. प्लास्टिकच्या खोबणीत, आतल्या बाजूला, लिपस्टिकचा ठसा उमटला होता. नेमकी कुठली जागा हाडावर दाबते ते आता बाहेरून कळत होतं. हर्षलनं गरम हवेच्या मशीननं तेवढीच जागा मऊ केली, आतून दाबून बाहेर फुगवली, थंड होऊ दिली, कड घासली. शाइस्ता त्याच्या खांद्याजवळ उभी राहून बघत होती. त्यानं दोनदा तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि दोन्ही वेळा ती परत तिथंच आली.

दुसऱ्यांदा पाय चढवला तेव्हा वच्छलाबाई दांड्यांच्या मधून चालल्या. मग दांड्या सोडून चालल्या. मग कोणाला न विचारता दारापर्यंत गेल्या, बाहेरची रिक्षा बघितली आणि परत आल्या.

"आता?" हर्षलनं विचारलं.

"आता खरं सांगते बाबा, बरा हाये," त्या म्हणाल्या.

हर्षल हात धुताना शाइस्ताला म्हणाला, "शिबिराला येणाऱ्या अर्ध्या बायका मला खरं सांगत नाहीत. आमच्याकडं मदतीला सिस्टर असते, पण तिला दहा कामं. माझ्या बॅचला मुलीच फार थोड्या होत्या. तू काय शिकतेस?"

"बारावी सायन्स."

"याची डिग्री असते. मुंबईला सरकारी संस्थेत शिकवतात. बारावीनंतर."

"पाय बनवायची डिग्री?"

"पाय, हात, कमरेचे पट्टे, पोलिओच्या मुलांचे बूट. सगळं."

दुपारी ती सबीहाआपाच्या दवाखान्यात गेली. सबीहा वॉर्डात होती. एका म्हाताऱ्या पेशंटची शीर सापडत नव्हती. तिनं त्याच्याशी त्याच्या बैलांबद्दल बोलत बोलत सलाइन लावलं, त्याला कळलंही नाही. शाइस्ताला आपाचा अभिमान वाटला. हे काम फार चांगलं आहे, असं तिला खरोखर वाटलं. पण परतीच्या गाडीत तिला वॉर्ड आठवला नाही. तो लिपस्टिकचा ठसा आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं स्नेहलता मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम ऐकून म्हणाल्या, "मला या कोर्सबद्दल काहीच माहीत नाही. बस, आपण दोघी बघू." कॉलेजच्या कॉम्प्युटरवर त्या दोघींनी शोधलं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं होतं, ते तिच्याकडे होतं. वेगळी प्रवेश परीक्षा होती. मुलींसाठी वसतिगृह होतं. शिष्यवृत्तीसुद्धा मिळण्यासारखी होती.

"घरी विचारलंस?" मॅडमनी विचारलं.

"नाही अजून."

"आधी विचार. उशिरा विचारलेलं आईवडिलांना आवडत नाही. मलाही आवडत नाही."

त्या संध्याकाळी रहेमतुल्ला दुकानात एका दिवाणाला पॉलिश करत होते. शाइस्ता उंबऱ्यात उभी राहिली. आत यायचं नाही, हा नियम तिच्या अंगवळणी पडलेला होता. तिनं तिथूनच सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"म्हणजे प्लास्टरमधी हात घालायचे," ते म्हणाले. "मशीनवर घासायचं. धूळ खायची."

"अब्बा, ते डॉक्टरी शिक्षणच आहे. शरीरशास्त्र असते, हाडं..."

"शेवटी काम तर हातानंच ना? माह्यासारखं?"

ते खरं होतं.

"तुले मी या खोलीत कधी येऊ दिलं? काऊन नाही येऊ दिलं?" त्यांनी डावा हात वर केला. "एक पोरगी हाये माही. तिचे हात साफ राहावं, कपडे साफ राहावं, एवढंच माह्या मनात होतं. सबीहाचा ड्रेस पाह्यला का तू? डाग नसते त्याच्यावर."

नजमुन्निसा आतून आली. तिला मुंबईची भीती होती. "बुलढाण्याले घर हाये आपलं. मुंबईले कोण हाये? बीमार पडशीन तर कोण पाहीन तुले?"

शाइस्ता वाद घालणारी मुलगी नव्हती. ती म्हणाली, "दोन्ही परीक्षा देते. नर्सिंगची पण, अन् याची पण. मंग तुम्ही सांगाल तसं."

रहेमतुल्लांनी होकार दिला नाही की नकारही दिला नाही. ते परत पॉलिशकडे वळले. शाइस्ता अभ्यासाला लागली. फिजिक्स तिला जड जायचं. सकाळी ती गच्चीवर उन्हात बसून गणितं सोडवायची, आणि शेजारच्या अंगणात वच्छलाबाई त्या दुरुस्त केलेल्या पायावर तुळशीला पाणी घालताना दिसायच्या. दिवाळीनंतर त्या शाळेपर्यंत जाऊन आल्या. तिथल्या बाईंनी त्यांना सांगितलं, पुढच्या शालेय वर्षापासून भाजी चिरायला या, मग बघू.

जानेवारीत पुन्हा गोंधळ झाला. पाय सैल झाला आणि दुसऱ्याच ठिकाणी लागायला लागला. हर्षलनं शिबिरात सांगून ठेवलं होतं की असं होतं, उरलेला पाय हळूहळू बारीक होतो, तेव्हा बुलढाण्याच्या आमच्या केंद्रावर या. शाइस्ताची पूर्वपरीक्षा चालू होती. रहेमतुल्लांना प्लायवुड आणायला बुलढाण्याला जायचंच होतं. नजमुन्निसा म्हणाली, "वच्छलाबाईले घेऊन जा ना सोबत." ते घेऊन गेले.

ते दोघं संध्याकाळी परत आले तेव्हा वच्छलाबाई परत कुबडीवर होत्या. त्या सरळ आपल्या घरात गेल्या. रहेमतुल्लांनी प्लायवुड उतरवून घेतलं, हातपाय धुतले आणि ओट्यावर बसले. नजमुन्निसानं चहा आणून दिला.

"झालं काम?" तिनं विचारलं.

"नाही झालं."

"काऊन? बंद होतं?"

"चालू होतं. तो हर्षल पण होता. चांगला पोरगा हाये. त्यानं विचारलं, कुठी दुखते. बाई म्हणे, बरा हाये. त्यानं तीनदा विचारलं. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे होती. मी बाहेर जाऊन उभा राह्यलो, म्हटलं मी असल्यानं लाजत असतीन. तरी बरा हाये, बरा हायेच." ते चहा हातात धरून बसले होते. "अन् एसटीत बसलो तशी रडायले लागली. मी म्हटलं, वहिनी, काय झालं? म्हणे, लय दुखते हो भाऊ. मले राग आला. मी म्हटलं, मंग सांगितलं काऊन नाही त्याले? तर काय म्हणे मले?"

"काय?"

"म्हणे, कोणाले सांगू? तुमची पोरगी नव्हती ना सोबत."

शाइस्ता दारात उभी होती. रहेमतुल्लांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते पत्नीलाच सांगत राहिले.

"थांबलो होतो तेव्हा मी ते वर्कशॉप पाह्यलं. त्यायच्या घासायच्या मशीनले मांगून पाइप हाये, धूळ सगळी ओढून घेते. तोंडाले जाळी लावतात. हातात मोजे. माह्या दुकानात कुठी हाये असं? मी त्या हर्षलले विचारलं, किती वर्सं झाले तुले. म्हणे, दहा. मी म्हटलं, हात दाखव. त्यानं दाखवले. बोटं सगळे जागेवर होते."

नजमुन्निसाला हसू आलं. "परक्या माणसाले हात दाखव म्हणे!"

"मंग? पाहावं लागते." आता ते शाइस्ताकडे वळले. "पेपर कसा गेला आज?"

"बरा गेला. फिजिक्सचा एक प्रश्न सुटला."

"फिजिक्स पक्कं कर. ते त्या परीक्षेले पण लागते म्हणे. हर्षल सांगत होता."

एवढंच ते बोलले. शाइस्ता आत गेली आणि पुस्तक उघडून बसली, पण बराच वेळ तिला एक ओळही दिसली नाही.

पुढच्या रविवारी ती स्वतः वच्छलाबाईंच्या घरी गेली, लाल झालेली जागा बघितली, पेनानं त्याभोवती गोल काढला, फोटो घेतला आणि वच्छलाबाईंना विचारून हर्षलला पाठवला. त्यानं तासाभरात कळवलं की पायाच्या आत एकावर एक दोन मोजे चढवून बघा, तरी लागलं तर सोमवारी या, सिस्टरला मी आधीच सांगून ठेवतो. मोज्यांनी थोडं भागलं. सोमवारी संजीवनी सासूला घेऊन गेली, सिस्टर सोबत असताना वच्छलाबाईंनी कुठं लागतं ते हर्षलला स्वतः सांगितलं आणि उरलेलं काम झालं. संजीवनीनं घरी येऊन शाइस्ताला सांगितलं, "मी त्यायले आळशी म्हणत होती वं." ती सुपारी कातरत बसलेल्या सासूकडे बघत होती. वच्छलाबाईंनी ऐकलं, पण ऐकलं असं दाखवलं नाही.

बारावीची परीक्षा झाली. दोन्ही प्रवेश परीक्षा झाल्या. उन्हाळ्यात निकाल लागला. शाइस्ताला चांगले मार्क मिळाले, फार मोठे नाहीत. मेहकरच्या एका मुलाचं नाव पेपरात आलं, तिचं आलं नाही. बुलढाण्याला नर्सिंगला जागा लागल्याचं कळलं. मुंबईच्या पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं.

नर्सिंगची जागा घ्यायची तर आठवड्याच्या आत घ्यावी लागणार होती. मुंबईची दुसरी यादी त्यानंतर लागणार होती.

नजमुन्निसा म्हणाली, "हातातली सोडू नको. नर्सिंग काही वाईट नाही."

"वाईट नाहीच अम्मी."

"मंग?"

शाइस्तानं स्नेहलता मॅडमना विचारलं. मॅडमनी सरळ सांगितलं, "मी तुला सोड असंही म्हणणार नाही आणि घे असंही नाही. यादीत नाव येईलच असं मला सांगता येत नाही. नाही आलं तर वर्ष जाईल. वर्ष गेलं तर तू काय करशील, ते आधी ठरव. त्याचं उत्तर तुझ्याकडं असेल तर सोड."

ती घरी आली. अब्बा दुकानात होते. या वेळी ती उंबऱ्यात थांबली नाही, आत गेली आणि फळ्यांच्या ढिगावर बसली. त्यांनी रंधा बाजूला ठेवला, पण तिला बाहेर जा म्हणाले नाहीत.

"नाव नाही आलं तर वर्षभर मी घरी राहीन," ती म्हणाली. "परत परीक्षा देईन. अन् दर महिन्याले त्या केंद्रावर जाईन, सिस्टरच्या मदतीले. हर्षल सरांले विचारलं मी. हो म्हणाले."

"अन् पुढच्या वर्सी पण नाही आलं तर?"

"तर नर्सिंग करीन. तेव्हा मनात राहणार नाही की पाह्यलंच नाही."

रहेमतुल्लांनी रंध्यात अडकलेली ढलपी काढली. त्यांना खोकला आला, तो थांबेपर्यंत ती थांबली.

"तुह्या फुप्पीले फोन मी करतो," ते म्हणाले. "तिले वाईट वाटीन. तिनं खोली रंगवून ठेवली तुह्यासाठी."

शाइस्तानं नर्सिंगची जागा सोडली आणि फुप्पीला वाईट वाटलंच. दोन दिवस ती भावाशी बोलली नाही. सबीहानं मात्र शाइस्ताला फोन करून म्हटलं, "अगं, आमच्याकडं पाय कापलेले पेशंट येतात, टाके सुकले की घरी जातात. पुढं त्यांचं काय होतं, आम्हाला कळतच नाही. तू कर ते." दुसऱ्या यादीपर्यंतचे दहा दिवस शाइस्ताला फार मोठे वाटले. तिला कधी वाटायचं आपण मोठी चूक केली, कधी वाटायचं नाही केली. अम्मी रागावली नव्हती, पण धूळ पुसताना नेहमीपेक्षा जोरात पुसत होती.

दुसऱ्या यादीत नाव आलं. सकाळी अकराच्या सुमाराला मॅडमचा फोन आला. नजमुन्निसानं आधी मुलीला जवळ घेतलं आणि मग लगेच म्हणाली, "आता चादरी घ्याव्या लागतीन. दोन. अन् एक जाड."

वच्छलाबाईंना कळलं तेव्हा त्या शाळेतून येत होत्या. जुलैपासून त्या तिथं भाजी चिरायला लागल्या होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "किती वर्सं लागतीन वं शिकायले?"

"चार. अन् मंग थोडे महिने ट्रेनिंग."

"माय! तोवर हा पाय टिकीन का?" त्यांनी पायाकडे बघितलं. मग त्याच म्हणाल्या, "नाही टिकला तर त्या हर्षलकडे जाईन. आता त्याले सांगता येते मले. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा लाज नाही वाटत."

मलकापूरहून मुंबईची गाडी होती. रहेमतुल्लांनी दुकान बंद ठेवलं आणि मुलीला पोचवायला निघाले. नजमुन्निसा मोताळ्यामार्गे मलकापूर स्टेशनपर्यंत आली. फलाटावर कापसाचे व्यापारी, कॉलेजची पोरं, सामान घेऊन बसलेली कुटुंबं अशी गर्दी होती. नजमुन्निसा एकाच वाक्याला धरून बसली होती, "रोज फोन कर," आणि दर वेळी शाइस्ता म्हणत होती, "करीन अम्मी." गाडी आली तेव्हा नजमुन्निसा रडली नाही. डब्याच्या खिडकीतून तिनं हात आत घातला, मुलीचा दुपट्टा सारखा केला आणि म्हणाली, "तिथल्या पोरी काही म्हणतीन तुह्या बोलण्याले. तू आपलंच बोल."

गाडी सुटली. दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं मागे जायला लागली. रहेमतुल्ला पहिल्यांदाच मुंबईला चालले होते आणि ते लपवायचा प्रयत्न करत होते. भुसावळला गाडी थांबली तसे ते चहा आणायला उतरले. शाइस्ता खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिली. गर्दीत ते दिसेनासे झाले. इंजिनाची शिटी झाली तशी ती उठून दाराकडे धावली.

अब्बा दारातच उभे होते. दोन्ही हातांत दोन कप, चहा बोटांवर सांडलेला.

"कुठी चालली?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाले पाहायले."

"मी काय राहून जातो?" ते म्हणाले. "घे, थंडा होईन."

ती जागेवर येऊन बसली. गाडी हलली. दोघांनी खिडकीतून बाहेर बघत चहा प्यायला.